स्वातंत्र्य मिळालं, पण विचारलं कधी?

तिमोर-लेस्ते या देशाच्या सुट्ट्यांची यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती छापणाऱ्याची चूक वाटली. २० मे, स्वातंत्र्य. २८ नोव्हेंबर, पुन्हा स्वातंत्र्य. एका देशाला दोन स्वातंत्र्यदिन कसे? पण दोन्ही बरोबर निघाले. २८ नोव्हेंबर १९७५ ला तिथल्या लोकांनी आपण स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं, नऊ दिवसांत शेजारच्या इंडोनेशियाचं सैन्य उतरलं, आणि गेलेलं स्वातंत्र्य २० मे २००२ ला परत आलं. म्हणून २० मेचं अधिकृत नाव आहे ‘स्वातंत्र्याची पुनःस्थापना’. स्वातंत्र्य आमचं १९७५ चंच, मधल्या काळात ते कोणी दाबून ठेवलं होतं, हे त्या एका शब्दात सांगून टाकलंय.

या दोन तारखांपेक्षा मला तिसरी जास्त मोलाची वाटते. ३० ऑगस्टलाही तिथे सुट्टी असते. १९९९ साली त्या दिवशी झेंडा बदलला नाही, सरकार बदललं नाही, कोणाची सुटकाही झाली नाही. लोक पहाटेपासून रांगा लावून उभे राहिले आणि त्यांना एक प्रश्न विचारला गेला, इतकंच. गोव्यातल्या वाचकांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. तिथेही १९ डिसेंबरचा मुक्तिदिन वेगळा आणि १६ जानेवारीचा ‘अस्मिताय दीस’ वेगळा. पहिला राजवट गेली त्याचा, दुसरा लोकांना विचारलं गेलं त्याचा.

‘स्वातंत्र्य’ आणि ‘स्वयंनिर्णय’ या दोन शब्दांमधला फरक या तारखांमध्येच दडलेला आहे. स्वातंत्र्य म्हणजे दुसऱ्याची सत्ता गेली. स्वयंनिर्णय म्हणजे पुढे काय करायचं ते आम्ही ठरवलं. पहिलं झालं की दुसरं आपोआप होतं असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा तसं होत नाही.

तिमोरच्या तेतुम भाषेत स्वातंत्र्याला ‘उकुन रासिक आन’ म्हणतात. उकुन म्हणजे राज्य करणं, रासिक आन म्हणजे आपलं आपण. सरळ मराठी केलं तर स्वराज्य. इतकं चपखल भाषांतर क्वचित सापडतं.

हा शब्द आला कुठून

पहिल्या महायुद्धाच्या शेवटी ‘स्वयंनिर्णय’ हा शब्द जगभर झाला. रशियात लेनिन आणि अमेरिकेत अध्यक्ष विल्सन, दोघेही आपापल्या हेतूंनी राष्ट्रांच्या स्वयंनिर्णयाबद्दल बोलत होते. विल्सन यांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः युरोप होता. पण एकदा शब्द उच्चारला की तो कोणाच्या कानावर पडेल हे बोलणाऱ्याच्या हातात राहत नाही. डिसेंबर १९१८ मध्ये काँग्रेसने दिल्लीच्या अधिवेशनात पॅरिसच्या शांतता परिषदेसाठी लोकमान्य टिळक, गांधीजी आणि हसन इमाम यांची नावं पुढे केली. टिळक तेव्हा ब्रिटिश पत्रकार चिरोलवरच्या खटल्यासाठी लंडनमध्येच होते. पॅरिस हाकेच्या अंतरावर, पण सरकारने जाऊ दिलं नाही. शेवटी त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना पत्र धाडलं आणि भारतालाही हा हक्क लागू करा असं मांडलं. उपयोग झाला नाही. ज्यांनी तो हक्क द्यायचा होता त्यांच्याच हातात वसाहती होत्या.

१९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेत हे तत्त्व आलं, तेही मोघमच. खरं वळण आलं डिसेंबर १९६० मध्ये. १४ तारखेला आमसभेने वसाहती संपवण्याचा ठराव केला, क्रमांक १५१४. बाजूने ८९ मतं, विरोधात एकही नाही, तटस्थ ९. दुसऱ्या दिवशी आणखी दोन ठराव झाले, आणि माझ्या मते समजून घ्यायचे आहेत ते हेच दोन.

ठराव १५४१ ने सांगितलं की वसाहत संपण्याच्या वाटा तीन असू शकतात. स्वतंत्र देश व्हा, दुसऱ्या देशाशी करार करून सैलसर नातं जोडा, किंवा दुसऱ्या देशात बरोबरीच्या हक्कांनी सामील व्हा. म्हणजे स्वयंनिर्णय म्हणजे फुटून निघणं, हा समज मुळातच अपुरा आहे. विलीन होणं हाही स्वयंनिर्णयच. अट एवढीच, की ते लोकांनी जाणूनबुजून, मोकळेपणी ठरवलेलं असावं.

ठराव १५४२ म्हणजे एक यादी. पोर्तुगालचं म्हणणं होतं की आमच्याकडे वसाहतीच नाहीत, हे सगळे आमचे ‘समुद्रापलीकडचे प्रांत’ आहेत. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने १९५१ मध्ये राज्यघटना बदलून तशी नावंही देऊन टाकली होती. पाटी बदलली की दुकान बदलतं, असा तो हिशोब. राष्ट्रसंघाने तो मानला नाही आणि पोर्तुगालच्या ताब्यातले नऊ प्रदेश नावानिशी मांडले. केप व्हर्द, पोर्तुगीज गिनी, साओ तोमे व प्रिन्सिपे, अजुदाचा किल्ला, अंगोला, मोझांबिक, ‘गोवा व त्याखालचा प्रदेश’, मकाव आणि ‘तिमोर व त्याखालचा प्रदेश’.

गोवा आणि तिमोर एकाच कागदावर दोन ओळींच्या अंतराने आले ते योगायोगाने नाही. तिमोरचा कारभार १८४४ पर्यंत गोव्याच्या अखत्यारीत होता. चंदनासाठी पोर्तुगीज त्या बेटावर गेले, आणि तिथल्या हुकमाचा कागद लिस्बनहून निघाला तरी तो पणजी बाजूने फिरून जायचा.

या नऊ नावांचं पुढे काय झालं हे पाहिलं तर स्वयंनिर्णयाचा सगळा गोंधळ डोळ्यांसमोर येतो. आफ्रिकेतल्या पाच वसाहती लढून किंवा वाटाघाटी करून १९७४-७५ मध्ये स्वतंत्र देश झाल्या. अजुदाचा इवलासा किल्ला शेजारच्या डाहोमीने, म्हणजे आजच्या बेनिनने, १९६१ मध्येच ताब्यात घेतला. मकाव चीनच्या सांगण्यावरून यादीतूनच वगळलं गेलं आणि २० डिसेंबर १९९९ ला चीनकडे सोपवलं गेलं. तिथल्या लोकांना कोणी काही विचारलं नाही. राहिले गोवा आणि तिमोर.

गोव्याला विचारलं होतं का?

हा प्रश्न मराठी माणसाला जरा टोचतो, पण टाळून चालणार नाही. १८-१९ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्याने ४५१ वर्षांची राजवट संपवली. त्याच वेळी सुरक्षा परिषदेत भारताला मागे फिरायला सांगणारा ठराव आला आणि सोव्हिएत रशियाच्या नकाराधिकाराने पडला. भारताचं म्हणणं होतं की गोवा हा भारताचाच भाग आहे, त्यामुळे विचारण्याचा प्रश्न येत नाही. सालाझारने १४ वर्षं बोलणीच नाकारली होती. १९५५ च्या सत्याग्रहात निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या होत्या. गोव्याच्या आत लोहियांच्या १८ जून १९४६ च्या सभेपासून चळवळ उभी होती. ही सगळी कारणं खरी आहेत. तरीही, भारतात यायचं का असा कौल १९६१ मध्ये घेतला गेला नाही हेही खरं आहे.

मला विचाराल तर याचं उत्तर पुढच्या सहा वर्षांत मिळतं. १९६३ च्या डिसेंबरात गोव्यात निवडणूक झाली. एका बाजूला दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, दुसऱ्या बाजूला जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स. दोघांमधे विस्तव जात नव्हता. पण भांडण कशावरून? गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा यावरून. भारतात राहायचं की नाही यावर दोन्ही मोठ्या पक्षांत वाद नव्हता.

मग १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. संसदेने त्यासाठी खास कायदा केला होता. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला. मतपत्रिकेवर दोन खुणा होत्या. विलीनीकरणाला फूल, संघप्रदेशाला दोन पानं. पेडण्या-डिचोलीकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘तू फुलाचा की पानांचा’ हे अजून सापडतं, आणि उत्तर देताना आवाज अजूनही थोडा चढतो. फुलाला मतं पडली १,३८,१७०, दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा.

महाराष्ट्रात त्या वेळी हा पराभव मानला गेला. भाषा एक, देवदैवतं एक, सोयरिकी एक, तरी आपली माणसं आपल्याकडे का आली नाहीत, असं कित्येकांना वाटलं. पण विचारणं म्हणजे ‘नाही’ ऐकायची तयारी ठेवणं. त्या दृष्टीने दिल्ली आणि मुंबई दोघांनीही तो निकाल मुकाट्याने पाळला, याचं श्रेय द्यायला हवं.

दोन गोष्टी इथेच टिपून ठेवा, पुढे लागतील. एक, घटक राज्याचा पर्याय त्या मतपत्रिकेवर नव्हताच. गोवा राज्य व्हायला ३० मे १९८७ उजाडला. दोन, मुंबईत आणि इतरत्र पोटापाण्यासाठी गेलेल्या गोंयकारांना मत हवं होतं, ती मागणी फेटाळली गेली. मुक्तिलढ्यातले मोहन रानडे तर कौलाच्या दिवशी पोर्तुगालच्या तुरुंगातच होते. गोवा सुटून पाच वर्षं झाली होती, आणि ते सुटले १९६९ मध्ये.

तिमोरचे नऊ दिवस आणि पुढची चोवीस वर्षं

तिमोर हे ऑस्ट्रेलियातल्या डार्विनपासून सुमारे ७०० किलोमीटरवरचं बेट. त्याचा पश्चिम भाग डचांकडे होता, तो इंडोनेशियात गेला. पूर्व भाग पोर्तुगालकडे राहिला. क्षेत्रफळ गोव्याच्या साधारण चौपट. नावाची गंमत अशी की मलय भाषेत ‘तिमुर’ म्हणजे पूर्व आणि पोर्तुगीजमध्ये ‘लेस्ते’ म्हणजेही पूर्व. देशाचं नाव ‘पूर्व-पूर्व’.

२५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमध्ये सैन्याने हुकूमशाही उलथवली. या एका घटनेने गोवा आणि तिमोर दोघांचंही पान उलटलं. नव्या पोर्तुगालने त्याच वर्षाअखेर गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं. तिमोरमध्ये मात्र पोर्तुगालने घाईघाईने आवराआवर सुरू केली. तिथे तीन मुख्य पक्ष निघाले. फ्रेटिलिनला स्वातंत्र्य हवं होतं, युडीटीला पोर्तुगालशी नातं ठेवून सावकाश जायचं होतं, अपोदेतीला इंडोनेशियात विलीन व्हायचं होतं. गंमत बघा, ठराव १५४१ च्या तीन वाटांना जवळपास एकेक पक्ष. मतपेटी आणली असती तर प्रश्न तिथेच सुटायची शक्यता होती. ऑगस्ट १९७५ मध्ये युडीटी आणि फ्रेटिलिन यांच्यातच लढाई जुंपली, पोर्तुगीज गव्हर्नर समोरच्या अताउरो बेटावर निघून गेला, आणि मतपेटी राहूनच गेली.

फ्रेटिलिन जिंकली. सरहद्दीवरून इंडोनेशियाचं सैन्य आत सरकत होतं. निदान देश म्हणून तरी मरू, अशा घायकुतीने २८ नोव्हेंबरला राजधानी दिलीमध्ये स्वातंत्र्याची घोषणा झाली. मान्यता दिली ती आफ्रिकेतल्या नुकत्याच सुटलेल्या पोर्तुगीज वसाहतींसारख्या मोजक्या देशांनी. ७ डिसेंबरला दिलीवर हल्ला झाला. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड आणि परराष्ट्रमंत्री किसिंजर जकार्तात इंडोनेशियाचे अध्यक्ष सुहार्तो यांना भेटून गेले होते. शीतयुद्धाचे दिवस. फ्रेटिलिन डावी, इंडोनेशिया मोठा आणि अमेरिकेचा मित्र. पुढचं समजायला फार डोकं लागत नाही.

इंडोनेशियाच्या राज्यघटनेच्या पहिल्याच वाक्याचा अर्थ असा, की स्वातंत्र्य हा सर्व राष्ट्रांचा हक्क आहे, म्हणून वसाहतवाद नष्ट झाला पाहिजे. डचांशी झगडून ज्यांनी ते लिहिलं, त्यांच्याच सैन्याने हे केलं.

आणि आपण? १२ डिसेंबर १९७५ ला आमसभेत इंडोनेशियाला माघार घ्यायला सांगणारा ठराव आला. ७२ देश बाजूने, १० विरोधात, ४३ तटस्थ. त्या दहांत भारत होता. तिळाएवढ्या देशासाठी मोठ्या शेजाऱ्याशी वाकडं कोण घेणार, या गणितातून दिल्लीही सुटली नाही. टिळकांच्या त्या पत्राची आठवण त्या दिवशी सभागृहात कोणाला झाली नसावी.

आता हाच प्रश्न उलटून येतो. गोव्यात सैन्य गेलं ते बरोबर आणि तिमोरमध्ये गेलं ते चूक, असं कसं? मला फरक दिसतो तो सैन्याच्या नंतरच्या दिवसांत. गोव्यात दोन वर्षांच्या आत खुली निवडणूक झाली आणि विरोधकही निवडून आले. दिलीत ३१ मे १९७६ ला निवडक माणसांची एक सभा भरवली गेली, तिने विलीनीकरणाची विनंती केली, आणि १७ जुलैला तिमोर इंडोनेशियाचा २७ वा प्रांत झाला. पश्चिम पापुआत इंडोनेशियाने १९६९ मध्ये हेच केलं होतं. हजाराच्या आसपास निवडलेली माणसं जमवली आणि सगळ्यांनी एकमताने होकार दिला. शंभर टक्के एकमत झालं की समजावं, विचारणं झालेलं नाही. राष्ट्रसंघाने तिमोरचं विलीनीकरण कधीच मान्य केलं नाही. कागदोपत्री तिथला कारभारी शेवटपर्यंत पोर्तुगालच राहिला. ही कागदी नोंद निरुपयोगी वाटे. १९९९ मध्ये तिच्याच आधारावर पोर्तुगाल वाटाघाटींच्या टेबलाशी बसला.

मधली वर्षं थोडक्यात सांगतो, कारण ती थोडक्यात सांगण्यासारखी नाहीतच. १९७५ मध्ये तिमोरची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या आसपास होती. तिथल्या सत्यशोधन आयोगाने पुढे काढलेला आकडा असा, की संघर्षामुळे किमान १,०२,८०० माणसं मेली. त्यातली सुमारे ८४,२०० उपासमारीने आणि आजाराने. गोळीने मेलेल्यांपेक्षा भुकेने मेलेले साडेचार पट. डोंगरातल्या लोकांना हुसकून छावण्यांत आणलं, शेती सुटली आणि दुष्काळ माणसांनी तयार केला. १२ नोव्हेंबर १९९१ ला दिलीतल्या सांताक्रूझ दफनभूमीत तरुणांच्या मिरवणुकीवर सैन्याने गोळीबार केला. फरक इतकाच होता की या वेळी तिथे एक परदेशी पत्रकार कॅमेरा घेऊन हजर होता. ती फीत बाहेर गेली आणि तिमोर नावाचं काही आहे हे जगाला कळलं. १९९६ चं शांततेचं नोबेल बिशप बेलो आणि जोजे रामोस-होर्ता यांना मिळालं. गनिमी लढ्याचे नेते शनाना गुस्मांव तेव्हा जकार्ताच्या तुरुंगात होते.

तो प्रश्न कसा विचारला

१९९८ मध्ये आशियातल्या आर्थिक संकटाने सुहार्तोंची सत्ता गेली. नवे अध्यक्ष हबीबी यांनी जानेवारी १९९९ मध्ये अचानक सांगितलं की स्वायत्तता देतो, नको असेल तर जा. ५ मेला न्यूयॉर्कमध्ये इंडोनेशिया, पोर्तुगाल आणि राष्ट्रसंघ यांचा करार झाला. आता जो भाग सांगतोय तो जरा सावकाश वाचा, कारण स्वयंनिर्णयाची खरी तांत्रिक बाजू इथे आहे.

पहिला पेच, ‘स्वयं’ म्हणजे कोण? पंचवीस वर्षांत जावा आणि बालीहून हजारो लोक तिमोरमध्ये वसवले गेले होते. ते तिथे राहत होते, कामधंदा करत होते. त्यांना मत द्यायचं? आणि जे पळून ऑस्ट्रेलियात, पोर्तुगालमध्ये गेले, त्यांना नाही द्यायचं? नियम असा ठरला, की वय १७ पूर्ण, आणि जन्म तिमोरचा, किंवा आईवडिलांपैकी एकाचा तरी जन्म तिमोरचा, किंवा अशा कोणाशी लग्न झालेलं. राहता कुठे हे विचारायचं नाही. त्यामुळे लिस्बन आणि डार्विनमधल्या निर्वासितांनीही मत दिलं. गोव्याच्या कौलात नेमका याच्या उलट नियम होता. दोन्हींत बरोबर कोणता? मला वाटतं, ज्यांना मारून पळवलं त्यांना वगळणं हा दुहेरी अन्याय झाला असता. नोकरीसाठी मुंबईत आलेल्या गोंयकाराचं तसं नव्हतं. पण हे माझं मत आहे, आणि गिरगावातल्या एखाद्या जुन्या कुडात, म्हणजे गोंयकारांच्या सामाईक बिऱ्हाडात, राहिलेला माणूस ते मान्य करणार नाही.

दुसरा पेच, मतपत्रिकेवर काय छापायचं? ‘स्वातंत्र्य’ हा शब्द तिच्यावर नव्हताच. पहिला प्रश्न होता, इंडोनेशियाच्या अंतर्गत विशेष स्वायत्तता मान्य आहे का? दुसरा, ती स्वायत्तता नामंजूर आहे का, ज्यामुळे तिमोर इंडोनेशियापासून वेगळा होईल? ज्यांना स्वातंत्र्य हवं त्यांना ‘नको’ म्हणायचं होतं. लिहितावाचता न येणाऱ्या खेड्यांत हे समजावून सांगण्यात महिने गेले.

तिसरा पेच, आणि इथे करार फसला. बंदोबस्त कोणाचा? तो इंडोनेशियाच्याच पोलिसांकडे ठेवला गेला. राष्ट्रसंघाची माणसं निःशस्त्र. सैन्याने पोसलेल्या टोळ्या गावोगाव सांगत फिरत होत्या की ‘नको’ म्हणाल तर जाळून टाकू. कोंबड्यांची राखण कोल्ह्याकडे, दुसरी उपमा नाही याला.

चौथी गोष्ट मात्र राष्ट्रसंघाने हुशारीने केली. मतं गावोगाव मोजली नाहीत. सगळ्या पेट्या दिलीला आणून एकत्र मिसळल्या आणि एकच निकाल दिला. कोणत्या गावाने काय म्हटलं हे कोणालाच कळू नये, म्हणजे सूड घ्यायला गावाचं नाव मिळणार नाही.

३० ऑगस्टला नोंदलेल्या साडेचार लाख मतदारांपैकी ९८.६ टक्के आले. कित्येकजण आधीच डोंगरात लपले होते, ते तिथून उतरून आले, मत दिलं आणि परत वर गेले. ४ सप्टेंबरला निकाल आला. स्वायत्तता नको म्हणणारे ३,४४,५८०, म्हणजे ७८.५ टक्के.

आणि धमकी खरी झाली. कोणतं गाव ते कळलं नाही, म्हणून सगळीच गावं जाळली. त्या वर्षात मिळून बाराशे ते पंधराशे माणसं मारली गेली, अडीच लाखांच्या आसपास पश्चिम तिमोरमध्ये हाकलली गेली, आणि देशातल्या बहुतेक इमारती, शाळा, वीजतारा नष्ट झाल्या. सुआईच्या चर्चमध्ये आसरा घेतलेल्यांनाही सोडलं नाही. या सगळ्यात तिमोरचे गनिमी सैनिक आपल्या तळांवर बसून राहिले. गुस्मांव यांचा हुकूम होता की उत्तर द्यायचं नाही. आपण बंदूक उचलली की जग म्हणेल हे तर यादवी युद्ध आहे, आणि ७८.५ टक्के विसरलं जाईल. आपली गावं जळताना डोंगरावरून बघत बसायचं. मला हे त्या चोवीस वर्षांतलं सर्वांत अवघड पाऊल वाटतं. २० सप्टेंबरला ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखालचं सैन्य उतरलं तेव्हा आग विझली.

पुढे अडीच वर्षं राष्ट्रसंघानेच राज्य चालवलं आणि २० मे २००२ च्या मध्यरात्री त्याचा निळा झेंडा उतरून तिमोरचा वर गेला. इंडोनेशियाच्या अध्यक्ष मेगावती सोहळ्याला आल्या होत्या.

मग सगळं सुरळीत झालं का

नाही. राज्यभाषा तेतुम आणि पोर्तुगीज ठरल्या, आणि इंडोनेशियन शाळांत शिकलेल्या अख्ख्या तरुण पिढीला पोर्तुगीज येत नव्हती. ज्यांनी सांताक्रूझमध्ये गोळ्या झेलल्या तेच सरकारी नोकरीला अपात्र ठरू लागले. भाषेच्या राजकारणात गोव्याने काय पाहिलं हे आठवणाऱ्यांना नवल वाटणार नाही. २००६ मध्ये सैन्यातल्याच भांडणातून दंगली पेटल्या आणि दीड लाखाच्या आसपास लोक बेघर झाले.

शिवाय समुद्र. तिमोरच्या समुद्रात तेल आणि वायू आहे. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशियाने तो आपसात वाटून घेतला होता. पोर्तुगालने याविरुद्ध हेगच्या न्यायालयात दावा लावला. १९९५ मध्ये न्यायालयाने म्हटलं, स्वयंनिर्णयाचा हक्क साऱ्या जगावर बंधनकारक आहे, पण इंडोनेशिया पक्षकार नसल्याने निकाल देता येत नाही. हक्क खरा, दाद मात्र नाही. स्वतंत्र झाल्यावरही तिमोरला समुद्राची हद्द आखून घ्यायला ऑस्ट्रेलियाशी वर्षानुवर्षं भांडावं लागलं. करार मार्च २०१८ मध्ये झाला आणि अमलात आला ३० ऑगस्ट २०१९ ला. कौलाला त्या दिवशी बरोबर वीस वर्षं झाली.

सगळं ऐकल्यावर कोणीही विचारेल, मग उद्या कुठलाही जिल्हा उठेल आणि म्हणेल आम्हाला विचारा? आंतरराष्ट्रीय कायद्याचं उत्तर साधारण असं आहे. वसाहतींना आणि परक्या लष्कराच्या ताब्यातल्या लोकांना वेगळं होण्याचा हक्क आहे. बाकीच्यांना देशाच्या आतच हक्क आहे, म्हणजे मतदान, भाषा, स्वायत्तता, राज्यकारभारात वाटा. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये क्वेबेकबद्दल हेच सांगितलं, वर पुस्ती जोडली की स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत आलं तर बाकी देशाला बोलणी तरी करावीच लागतील. भारताने १९७९ मध्ये मानवी हक्कांच्या दोन करारांत सामील होताना लिहून दिलं आहे की स्वयंनिर्णय परकीय सत्तेखालच्या लोकांनाच लागू, सार्वभौम देशाच्या एखाद्या भागाला नाही. हे नेमकं त्या टिळकांच्या देशाने लिहून दिलं. सोयीचं आहे यात शंका नाही. चूक आहे का, यावर चहा संपेपर्यंत वाद घालता येईल.

राष्ट्रसंघाची वसाहतींची यादी अजून आहे. तिच्यावर आज १७ नावं उरली आहेत. त्यातलं एक पश्चिम सहारा. तिमोरमध्ये सैन्य शिरलं त्याच १९७५ मध्ये स्पेनने तो प्रदेश सोडायचं कबूल केलं आणि मोरोक्को आत आला. १९९१ मध्ये राष्ट्रसंघाने तिथे सार्वमत घेण्यासाठी खास पथक नेमलं. पथकाच्या नावातच सार्वमत आहे. पहिला पेच तोच, मतदार कोण. स्पॅनिश जनगणनेतली माणसं, की नंतर येऊन वसलेलीसुद्धा? याद्या झाल्या, हरकती आल्या, पुन्हा याद्या झाल्या. पथक अजून तिथेच आहे. मतपत्रिका छापली गेलेली नाही.